औषधाचाही सातबारा हवा, पण तो कोणाच्या हाती?

शेतकरी बंधूंनो, पीककर्जाला बँकेत गेलात की साहेब पहिल्यांदा काय मागतो? सातबारा, आठ-अ आणि इतर संस्थांचे बेबाकी दाखले. का मागतो? एकाच रानावर दोन ठिकाणांहून कर्ज उचलले जाऊ नये म्हणून. एका बँकेचा बोजा 'इतर हक्कां'त चढला की दुसरी बँक तो वाचते आणि मगच हात मोकळा करते. हा व्यवहार तुम्हाला कोणी शिकवायला नको. जमिनीवर किती बोजा आहे हे कागदावर दिसते. तुमच्या अंगावर चढलेला औषधांचा बोजा मात्र कोणत्या कागदावर दिसतो? याचे उत्तर आज कोणापाशीच धड नाही.

घरातलेच उदाहरण घ्या. आईचे गुडघे दुखतात. बाजारच्या दिवशी ती तालुक्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणते. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. रात्री झोप येत नाही म्हणून पाहुण्यांच्या गावच्या डॉक्टरांनी तिसरी चिठ्ठी दिलेली असते. मधल्या काळात दुखणे वाढले की नातू मेडिकलमध्ये जुने पाकीट दाखवतो आणि तेच पाकीट घेऊन येतो. या चार ठिकाणांपैकी एकालाही उरलेल्या तिघांनी काय दिले ते ठाऊक नसते. दुखण्यावरच्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या दीर्घकाळ एकत्र पोटात गेल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. पण जे समोर लिहिलेलेच नाही ते तो वाचणार कुठून? मग एके दिवशी पायाला सूज येते, सिव्हिलला न्यावे लागते आणि तिथले डॉक्टर विचारतात, "आधी काय औषधं चालू होती?" आपण म्हणतो, "पांढऱ्या गोळ्या होत्या साहेब, एक लाल होती."

म्हणजे औषधाची नोंद दोन जागी असते. दवाखान्याच्या केसपेपरवर एक आणि मेडिकलच्या रजिस्टरात दुसरी. या दोन नोंदींची एकमेकींशी गाठच पडत नाही. त्या जोडाव्यात की नाही आणि जोडायच्या तर कशा, हा आजच्या अग्रलेखाचा विषय आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या बाबतीत पुढे गेलेला आणि भरपूर ठेचा खाल्लेला देश म्हणजे अमेरिका. तिथे काय घडले ते आधी पाहू.

अफूपासून किंवा अफूच्या धर्तीवर केलेल्या वेदनाशामक गोळ्या अमेरिकेत १९९६ नंतर जोरात खपू लागल्या. कंबरदुखी असो की दातदुखी, चिठ्ठीवर तीच गोळी. २०१२ साली तर अशा २५ कोटींहून जास्त चिठ्ठ्या तिथे लिहिल्या गेल्या. दर शंभर माणसांमागे ८१ चिठ्ठ्या! गोळीची सवय लागलेला माणूस एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जायचा आणि प्रत्येकाकडून नवी चिठ्ठी घ्यायचा. एकाच सातबाऱ्यावर तीन सोसायट्यांचे कर्ज, असाच हा प्रकार म्हणायचा.

त्यावर तिथल्या राज्यांनी उपाय केला तो रजिस्टरचा. कॅलिफोर्निया राज्यात १९३९ सालापासून अशा औषधांची चिठ्ठी तीन प्रतींत लिहिण्याची पद्धत होती आणि त्यातली एक प्रत सरकारकडे जायची. पुढे संगणक आला. मेडिकल दुकानदाराने नशा आणणारे किंवा सवय लावणारे औषध विकले की रोग्याचे नाव, जन्मतारीख, औषध, गोळ्यांची संख्या आणि लिहून देणारा डॉक्टर ही सगळी माहिती राज्याच्या संगणकावर पाठवायची. एकेक करून राज्ये यात आली. सर्वांत शेवटी राहिले मिसुरी. लोकांची खासगी माहिती सरकारच्या हाती जाईल, या धास्तीने तिथल्या विधिमंडळात हा कायदा वर्षानुवर्षे अडला होता. तो २०२१ साली झाला आणि राज्यव्यापी काम २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाले.

पण नुसते रजिस्टर भरून भागते का? आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. अमेरिकेत सुरुवातीची कैक वर्षे तसेच झाले. माहिती राज्याच्या संगणकावर आणि डॉक्टर बसलाय दवाखान्याच्या संगणकावर. ती माहिती पाहायची तर दुसरा पडदा उघडायचा, वेगळा पासवर्ड टाकायचा, रोग्याचे नाव आणि जन्मतारीख पुन्हा टंकायची आणि वाट बघायची. बाहेर रोग्यांची रांग लागलेली असताना हे कोण करतो? म्हणून केंटकीने २०१२ साली आणि न्यूयॉर्कने २०१३ साली सक्ती केली की अशी औषधे लिहिण्याआधी डॉक्टरने रजिस्टर पाहिलेच पाहिजे. सक्तीने पाहणे वाढले, पण डॉक्टरांचा वेळही त्यातच जाऊ लागला.

तेव्हा खरा उपाय पुढे आला तो दोन्ही दप्तरे जोडण्याचा. रुग्णालयात रोग्याची फाईल संगणकावर उघडली की त्याच पडद्यावर, एका बटणासरशी, मेडिकलकडून आलेली नोंदही दिसावी. तुम्हा-आम्हाला हे समजायला अवघड नाही. पूर्वी दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत व्हायचे आणि त्याची प्रत घेऊन तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे. आता ई-फेरफारात दस्त नोंदला की सूचना महसूल दप्तरात आपसूक जाते. खाती दोन राहिली, पण दप्तरे एकमेकांशी बोलू लागली. तिथे औषधांच्या बाबतीत नेमके हेच करण्याची धडपड गेली काही वर्षे चालू आहे. नोंदी राज्याच्या सीमेवर अडू नयेत म्हणून बऱ्याच राज्यांनी आपसांत देवाणघेवाणही सुरू केली.

याचा फायदा काय झाला? अफूच्या वर्गातली वेदनाशामक गोळी आणि झोपेची किंवा चिंतेवरची काही औषधे एकत्र घेतली तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. तिथल्या औषध प्रशासनाने २०१६ साली दोन्ही प्रकारच्या औषधांवर याची ठळक सूचना छापायला लावली. पण एक औषध एका डॉक्टरने आणि दुसरे दुसऱ्याने दिलेले असेल, तर पाकिटावरची सूचना वाचून दोन्ही डॉक्टरांना काय कळणार? जोडलेल्या नोंदीत मात्र ते दिसते. शंभर माणसांमागे ८१ चिठ्ठ्या होत्या, त्या २०२० पर्यंत ४३ वर आल्या. हे सगळे श्रेय रजिस्टरचे नाही, पण त्यात त्याचा वाटा होता.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, झाले तर! आपणही उद्यापासून जोडून टाकू. थांबा. गोष्टीचा दुसरा भागही ऐकून घ्या, कारण आपल्या कामाचा तोच आहे.

चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या, पण मृत्यू कमी झाले का? १९९९ साली अमेरिकेत औषधे आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १७ हजार माणसे दगावली होती. २०२१ साली हा आकडा १ लाख ६ हजारांच्या वर गेला. कारण ज्यांना सवय लागली होती त्यांची चिठ्ठी बंद झाली, पण सवय बंद झाली नाही. त्यातले काही चोरट्या बाजाराकडे वळले. २०१० च्या सुमारास हेरॉइनने आणि २०१३ नंतर फेंटानिल नावाच्या जहाल पदार्थाने माणसे मरू लागली. त्या बाजारात ना चिठ्ठी, ना रजिस्टर. रजिस्टरमुळेच माणसे मेली असे आम्ही म्हणत नाही. ते खरे नाही. पण बांध घालताना पाण्याला वाट काढून दिली नाही तर पाणी शेजारच्या रानात घुसते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला हवे काय? रजिस्टरमध्ये नाव सापडले की त्या माणसाला व्यसनमुक्तीच्या उपचाराकडे नेणारा हात हवा होता. कित्येक ठिकाणी हात मिळाला नाही, नुसते दार मिटले गेले.

दुसरे असे की सुक्याबरोबर ओलेही जळाले. ज्यांना खरोखरच असह्य वेदना होत्या आणि जे वर्षानुवर्षे ठरल्या मात्रेत औषध घेत होते, अशा रोग्यांचीही औषधे डॉक्टरांनी भीतीपोटी एकदम तोडली. २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनालाच सांगावे लागले की अशी औषधे अचानक बंद केल्याने रोग्याचे भयंकर हाल होतात, काही जण जिवाचे बरेवाईटही करून घेतात. मात्रा हळूहळू उतरवा. आणि २०२२ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने आपली २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे बदलून आकड्यांचा ताठा कमी केला.

तिसरी गोष्ट तर जनावरे पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. रजिस्टरमधल्या नोंदींवरून संगणक प्रत्येक रोग्याला धोक्याचे गुण देतो, अशी सोय तिथे निघाली. एका बाईला औषध नाकारले गेले. कारण काय? तर तिच्या नावावर फार नोंदी होत्या. तिने शोध घेतला, तेव्हा निघाले ते तिच्या आजारी कुत्र्यांचे औषध! पशुवैद्याने लिहून दिलेले औषध मालकिणीच्या नावावर चढले होते. ही हकिकत तिथे २०२१ साली छापून आली आणि बरीच गाजली. आता विचार करा, आपल्या गोठ्यातल्या औषधाचे बिल कोणाच्या नावावर फाटते? गाईच्या नावावर तर फाटत नाही!

आणि चौथा प्रश्न पोलिसांचा. ही माहिती तपास यंत्रणांना हवी असेल तर न्यायाधीशाचे वॉरंट लागेल की नाही, यावरून ओरेगॉन राज्याने थेट केंद्राच्या अमली पदार्थ खात्याशी कोर्टात झगडा केला. २०१४ साली खालच्या कोर्टाने राज्याच्या बाजूने कौल दिला. २०१७ साली वरच्या कोर्टाने तो कौल फिरवला. म्हणजे डॉक्टरसाठी म्हणून उघडलेले दप्तर पुढे कोणकोण वाचेल, याचा भरवसा त्या देशातही नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे रजिस्टर नाही असे नाही. 'शेड्यूल एच-१' नावाची एक यादी केंद्र सरकारने २०१३ साली काढली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तिच्यात सुरुवातीला ४६ औषधे होती. वरच्या दर्जाची प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे त्यात येतात. ही औषधे विकताना दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षे जपून ठेवायचे, असा नियम आहे. पण ते रजिस्टर दुकानाच्या कपाटात असते. औषध निरीक्षक आले की बाहेर निघते, गेले की आत जाते. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते केसपेपर लिहिताना दिसत नाही. शिवाय वर सांगितलेल्या आईच्या गुडघ्याच्या साध्या गोळ्या त्या यादीत बसतही नाहीत.

दुसऱ्या बाजूने, २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातून 'आभा' नावाचा १४ आकड्यांचा आरोग्य क्रमांक मिळतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो काढला असेल, काहींचा शिबिरात कोणीतरी काढून दिला असेल. तपासणी, चिठ्ठी, अहवाल जिथे झाला तिथेच राहावा आणि रोग्याने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसावा, अशी या योजनेची मांडणी आहे. क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, दिलेली संमती मागेही घेता येते. अमेरिकेत सगळ्या देशाला मिळून असा एक आरोग्य क्रमांक नाही, त्यामुळे नावाच्या स्पेलिंगवरून तिथे घोळ होतात. आपल्याकडे तर एकाच गावात एकाच नावाचे चार-चार पाटील सापडतील. तेव्हा क्रमांक ही सोय चांगलीच आहे. पण संमतीचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल पोराच्या खिशात पुण्याला असेल, तर संमती आईची म्हणायची की पोराची?

दप्तरे जोडल्याने भले होते याचा एक दाखला मात्र आपल्याच घरात आहे. क्षयरोगाचा प्रत्येक रोगी कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ पासून मेडिकल दुकानदारांवरही ही जबाबदारी आली. क्षयाची औषधे कोणी घेतली ते 'निक्षय' या यंत्रणेत नोंदते. मग आरोग्य कर्मचारी रोग्याच्या घरी जातो, औषध मध्येच सुटू नये म्हणून पाठपुरावा करतो, घरच्यांची तपासणी करतो. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. इथे नोंद कशासाठी झाली? पकडण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी. नोंद झाली की मागून मदत येते, हे लोकांना दिसले म्हणजे लोक नोंद लपवत नाहीत. अमेरिकेच्या रजिस्टरात जे कमी पडले ते नेमके हेच.

उलट बाजूचा दाखलाही आपल्याच घरचा आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली आला. नशाबाजाराला आळा घालण्यासाठी तो हवाच होता. पण परवान्यांच्या जंजाळाला भिऊन रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि कॅन्सरचे रोगी अखेरच्या दिवसांत वेदनेने तळमळत राहिले. ती चूक दुरुस्त करायला २०१४ साल उजाडावे लागले. तेव्हा कुठे कायद्यात बदल होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांची वाट थोडी मोकळी झाली. ज्यांनी आपला माणूस मुंबईला 'टाटा'त नेला आहे त्यांना वेदनेच्या औषधाची किंमत विचारा. नोंद कडक हवी, पण खऱ्या रोग्याच्या तोंडचे औषध काढून घेणारी नको.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. दवाखान्याचा केसपेपर आणि मेडिकलचे रजिस्टर जोडले पाहिजे. पण चार अटींवर. पहिली, ती नोंद उपचार करणाऱ्या डॉक्टरसाठी आणि रोग्यासाठी असावी. इतर कोणाला पाहायची असेल तर कायद्याचा लेखी आधार आणि वरिष्ठाची सही हवी. दुसरी, आपल्या नावावर काय लिहिले आहे ते रोग्याला पाहता यावे आणि चूक असेल तर सातबाऱ्याप्रमाणेच दुरुस्तीचा अर्ज करता यावा. कोणी कोणी पाहिले तेही दिसावे. तिसरी, माणसाचे औषध आणि जनावराचे औषध यांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी. चौथी, नोंदीत धोका दिसला तर डॉक्टरने रोग्याला परत पाठवायचे नाही, पुढच्या उपचाराकडे न्यायचे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. त्याचा अर्थ ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवरच्या कारकुनालाही कळला पाहिजे, नाहीतर तो कागदावरच राहील.

संगणक जोडले जातील तेव्हा जातील. तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. वाचकहो, काही कामे आजपासून करता येतील. घरातल्या प्रत्येक माणसाची एक फाईल करा. जमिनीचे कागद जसे पत्र्याच्या पेटीत जपता तसे चिठ्ठ्या, अहवाल आणि रिकामी पाकिटे त्यात ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती फाईल सोबत न्या आणि विचारायच्या आधी पुढे करा. मेडिकलमध्ये बिल मागा. जुने पाकीट दाखवून औषध आणायची सवय मोडा. लाल चौकटीतली सूचना छापलेले औषध तर चिठ्ठीशिवाय मागूच नका आणि दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका. तो तुमचेच हित बघतो आहे. गोठ्यातल्या औषधाची चिठ्ठी वेगळी ठेवा. 'आभा'शी कोणाचा मोबाईल जोडला आहे ते आठवड्याभरात पाहून घ्या.

आणि सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, तुम्हालाही आमची विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटे या विषयाला द्या. शिबिरात आभा कार्ड वाटताना संमती म्हणजे काय ते म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा. नुसता अंगठा उठवू नका. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून, कोणत्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत ते लोकांना ऐकवा. मेडिकल दुकानदारांनाही त्या सभेला बोलवा. ते काही आपले वैरी नाहीत. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारा तोच असतो.

शंभर वर्षांपूर्वीच्या जमिनीचा एक गुंठाही आपण नोंदीतून सुटू देत नाही. त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाच्या पोटात काय गेले, ते मात्र "पांढरी गोळी, लाल गोळी" एवढ्यावर सोडून देतो. हे बदलायला मुंबई-दिल्लीचा हुकूम यायची गरज नाही. आज संध्याकाळी घरी गेलात की आईच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या एका कागदावर उतरवून काढा. औषधाच्या सातबाऱ्यावरची पहिली नोंद तीच असेल.